वृत्तछायाचित्रकाराची ‘डेमो रील’ : रचना, निकष आणि हक्कांचा प्रश्न

बंगळुरू : ‘कॅमेरामन अमुक यांच्यासह तमुक, बंगळुरू.’ वृत्तान्ताच्या शेवटी वार्ताहर उच्चारतो ते हे वाक्य दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना चांगलेच परिचयाचे आहे. ज्याच्या डोळ्यांनी प्रेक्षकाने ती बातमी पाहिली, त्याचे नाव या वाक्यात जेमतेम सेकंदभर ऐकू येते. थेट प्रक्षेपणाच्या धबडग्यात तर तेही गळून पडते. वृत्तपत्रातील छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापले जाते आणि ते कात्रण आयुष्यभर जपता येते. दूरचित्रवाणीच्या वृत्तछायाचित्रकाराचे काम मात्र पडद्यावरून सरकते आणि वाहिनीच्या संग्रहात जमा होते. नोकरी बदलताना, नव्या पदासाठी अर्ज करताना किंवा शिक्षण संपवून पहिल्यांदा वृत्तसंस्थेचे दार ठोठावताना ‘तुम्ही काय केले आहे’ या प्रश्नाला त्याच्यापाशी एकच उत्तर असते. ते म्हणजे डेमो रील.

डेमो रील म्हणजे स्वतः चित्रित केलेल्या निवडक दृश्यांची आणि वृत्तान्तांची काही मिनिटांची संकलित चित्रफीत. ती तयार करणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात वृत्तमूल्य, तंत्र, कायदा आणि सभ्यता या चारही गोष्टींची परीक्षा त्या काही मिनिटांत होते. डझनभर वृत्तवाहिन्यांची कार्यालये असलेल्या बंगळुरूसारख्या शहरात ही परीक्षा कशी होते, याचा हा आढावा.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

‘रील’ हा शब्द फिल्मच्या गुंडाळीवरून आला. फिल्मची जागा चुंबकीय फितीने घेतली, फितीची जागा तबकडीने आणि तबकडीची जागा आता इंटरनेटवरील दुव्याने घेतली, तरी शब्द टिकून राहिला. समाजमाध्यमांवरील उभ्या लघुचित्रफितींनाही आज ‘रील’ म्हटले जाते. त्या रीलचा येथे संबंध नाही.

चालू घटनेचे चलच्चित्रण करण्याची भारतातील परंपरा एका मराठी माणसापासून सुरू होते. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांनी प्रभावित होऊन परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लरचा मान मिळवलेले र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. हे चित्रण भारतातील पहिला वृत्तपट मानले जाते. कुस्तीचा डाव पुन्हा मांडता आला असता. परांजपे मात्र दुसऱ्यांदा बोटीतून उतरणार नव्हते. वृत्तछायाचित्रणाचा मूळ नियम या एका प्रसंगात सामावला आहे. घटना एकदाच घडते आणि ती घडते तेव्हा कॅमेरा योग्य जागी, योग्य स्थितीत असावा लागतो.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचा प्रारंभ झाला. त्यानंतरच्या काळात बातम्यांचे बाह्यचित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर होत असे. शंभर फुटांच्या गुंडाळीत जेमतेम पावणेतीन मिनिटांचे चित्रण मावे. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार करण्याची शिस्त छायाचित्रकाराच्या अंगी आपोआप बाणत असे. व्हिडिओ फितीने हे बंधन सैल केले आणि मेमरी कार्डाने ते जवळजवळ संपवले. दिवसभर चित्रण करता येणे शक्य झाले, तसे काय निवडायचे हा प्रश्न अधिक कठीण झाला. डेमो रील पाहणारा मुख्यतः ही निवडच तपासत असतो.

बंगळुरूचे स्थान

कॅमेऱ्याच्या कलेशी बंगळुरूचे नाते जुने आहे. येथील श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रणकलेचा पदविका अभ्यासक्रम १९४० च्या दशकात सुरू झाला. गुरुदत्त यांच्या चित्रपटांचे छायाचित्रकार आणि दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती हे या संस्थेचे विद्यार्थी. गोविंद निहलानी यांनीही १९६२ मध्ये येथूनच पदविका घेतली. हाच वारसा पुढे हेसरघट्टा येथील शासकीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेकडे आला.

खासगी वृत्तवाहिन्यांचा विस्तार त्यामानाने अलीकडचा आहे. ‘उदया टीव्ही’ १९९४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर ‘टीव्ही ९ कन्नड’ २००६ मध्ये, ‘सुवर्ण न्यूज’ २००८ मध्ये आणि ‘पब्लिक टीव्ही’ २०१२ मध्ये आली. राष्ट्रीय वाहिन्यांची आणि वृत्तसंस्थांची कार्यालयेही शहरात आहेत. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांमुळे छायाचित्रकारांची मागणी वाढली, तशी स्पर्धाही वाढली. महाराष्ट्राच्या सीमेवरील बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा बंगळुरूहून कॅमेऱ्यांचा ताफा तेथे जातो आणि सीमाभागातील मराठी भाषक छायाचित्रकारांनाही कंत्राटी काम मिळते. अशा कामातून पुढे कायम नोकरीकडे जाण्याची वाट बहुधा रीलमधूनच जाते.

पाहणारा काय पाहतो?

अर्जांच्या ढिगातून रील उघडणारी व्यक्ती सहसा मुख्य कॅमेरामन, व्हिडिओ विभागाचा प्रमुख किंवा असाइनमेंट डेस्कवरील ज्येष्ठ संपादक असते. तिच्यापाशी वेळ कमी असतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात पकड बसली नाही, तर पुढचे पाहिले जात नाही. म्हणून सर्वोत्तम दृश्य शेवटासाठी राखून ठेवण्याची नाटकातील रीत येथे कामाची नाही. उत्तम ते प्रथम, हा येथील पहिला नियम होय.

मात्र ‘उत्तम’ म्हणजे केवळ नेत्रसुखद नव्हे. सूर्यास्त, फुलबाजार, उंचावरून दिसणारे शहर ही दृश्ये कोणालाही चांगली टिपता येतात. संपादकाला त्यांतून छायाचित्रकाराच्या विवेकाची कल्पना येत नाही. त्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच. गर्दीत, अपुऱ्या प्रकाशात, दहा मिनिटांच्या अवधीत ही व्यक्ती बातमी पूर्ण होईल एवढी दृश्ये घेऊन परतते का? संकलकाला एकाला एक जोडता येतील असे शॉट तिने घेतले आहेत का? ध्वनी स्वच्छ आहे का? आणि चित्रात दाखवले आहे ते खरोखर तसेच घडले होते का?

यासाठी दृश्यमालिकेला अनन्यसाधारण महत्त्व आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मुसळधार पावसाने बंगळुरूचा आउटर रिंग रोड आणि बेळंदूरचा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी कार्यालय गाठण्यासाठी ट्रॅक्टरचा आधार घेतला. पाण्यातून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे एक दृश्य त्या बातमीची ओळख ठरू शकते, पण एका दृश्याने वृत्तान्त होत नाही. रस्ता, इमारती आणि पाणी यांचा संबंध दाखवणारे दूरदृश्य हवे. ट्रॉलीत उभ्या असलेल्या प्रवाशांचे मध्यम दृश्य हवे. दांडा घट्ट धरलेला हात, भिजू नये म्हणून उंच धरलेली पिशवी, पाण्याच्या पातळीचा भिंतीवरील ओरखडा अशी समीपदृश्ये हवीत. ट्रॅक्टर चौकटीत येताना, पुढे जाताना आणि चौकटीबाहेर पडताना अशी हालचालीची तिन्ही अंगे हवीत. इंजिनाची घरघर आणि पाण्याचा खळखळाट स्वतंत्रपणे ऐकू यायला हवा. एवढे असल्यास निवेदनाचा एक शब्दही न घालता चाळीस सेकंदांत प्रेक्षकाला शहराची अवस्था कळते. रीलमधील अशी एक मालिका पंचवीस सुट्या सुंदर दृश्यांहून अधिक वजनदार ठरते.

याउलट केवळ ज्वाळांच्या किंवा धावपळीच्या दृश्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. कावेरी पाणीवाटपाच्या वादातून १२ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळुरूत हिंसाचार उसळला आणि अनेक बसगाड्या जाळण्यात आल्या. जळणारी बस टिपणारे कॅमेरे पुष्कळ असतात. त्याच वेळी वाहतूक ठप्प झाल्याने रस्त्यात अडकलेला कामगार, अर्धवट ओढलेले दुकानाचे शटर किंवा ओस पडलेला बसथांबा टिपणारा कॅमेरा बातमीचा दुसरा भाग सांगतो. घटनेला नुसती प्रतिक्रिया न देता तिचा परिणाम शोधणारी नजर संपादकाला अशा दृश्यांत दिसते.

रचना : कोणते मिनिट कशासाठी?

रीलची लांबी किती असावी याचा लिखित नियम नाही. प्रचलित रीतीनुसार पाच ते आठ मिनिटांत ती आटोपावी. प्रारंभी पाच सेकंदांची साधी नामपट्टी असावी. तीत नाव, शहर, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल पत्ता एवढेच पुरे. हीच पट्टी शेवटी पुन्हा यावी. फिरती अक्षरे, चमचमणारी पार्श्वभूमी आणि दणदणीत संगीत यांमुळे रील विवाह समारंभाच्या चित्रफितीसारखी वाटू लागते.

त्यानंतर तीस ते पंचेचाळीस सेकंदांचा दृश्यसंच यावा. यात विविध प्रकारच्या कामांतील निवडक दृश्ये असतात. ही दृश्ये संगीतावर न जोडता त्यांच्या मूळ ध्वनीसह जोडल्यास अधिक परिणाम साधतो. कारण ध्वनीची जाण हा छायाचित्रकाराच्या कसाचाच भाग आहे.

रीलचा कणा म्हणजे त्यापुढचे तीन किंवा चार संपूर्ण वृत्तान्त. त्यांपैकी एक अचानक घडलेल्या घटनेचा, एक पूर्वनियोजित कार्यक्रमाचा आणि एक मानवी जीवनाच्या जवळ जाणारा असावा. पूर्वनियोजित कार्यक्रम मुद्दाम घ्यावा. पत्रकार परिषद, उद्घाटन, निवेदन देणारे शिष्टमंडळ हे वृत्तछायाचित्रकाराचे रोजचे अन्न असते. अशा नीरस प्रसंगातूनही जो पाहण्याजोगे काही शोधतो, त्याच्याविषयी संपादकाला विश्वास वाटतो. ज्याने सारी कारकीर्द स्थानिक वाहिनीत घालवली आहे, त्याने थेट प्रक्षेपणाचा एक तुकडाही जोडावा. वार्ताहर चालत असताना मागे सरकत कॅमेरा स्थिर ठेवणे आणि बोलण्यात उल्लेख येताच अचूक त्या जागी वळणे, हे कौशल्य संकलनाच्या मेजावर निर्माण करता येत नाही.

प्रत्येक वृत्तान्ताआधी दोन ओळींची माहिती द्यावी : ठिकाण, तारीख, चित्रणासाठी मिळालेला अवधी आणि संकलन स्वतः केले किंवा कसे. ‘अवधी : २० मिनिटे’ एवढी नोंदसुद्धा पाहणाऱ्याच्या दृष्टीने बोलकी असते.

नवख्यांसाठी शहर हीच प्रयोगशाळा

वाहिनीचा अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यासमोर प्रश्न असतो तो सामग्रीचा. ती मिळवण्यासाठी ओळखपत्राची गरज नसलेले अनेक प्रसंग बंगळुरूत आहेत. कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी बसवनगुडीत भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, म्हणजेच ‘कडलेकाई परिषे’, हा त्यांपैकी एक. खेड्यांतून आलेला शेतकरी, शेंगांची रास, तराजू, गिऱ्हाईक आणि मंदिराची गर्दी यांतून एक संपूर्ण वृत्तान्त उभा राहतो. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय स्वामी मंदिरातून निघणारी करग मिरवणूक ही अंधारातील चित्रणाची कसोटी पाहते. मिरवणूक वाटेत तवक्कल मस्तान दर्ग्यालाही जाते. त्यामुळे मार्ग आधी पाहून ठेवणारा आणि ऐनवेळी धावणारा यांच्या चित्रणातील फरक रीलमध्ये लगेच ओळखू येतो. लालबागेतील पुष्पप्रदर्शन, कृष्णराजेंद्र बाजारातील पहाट, तलावांवर साचणारा फेस हे विषयही हाताशी आहेत.

मात्र सरावासाठी केलेले चित्रण कोणत्याही वाहिनीवर प्रक्षेपित झाल्याचा आभास निर्माण करू नये. वाहिनीचे बोधचिन्ह किंवा ‘ब्रेकिंग’ची पट्टी नक्कल करून लावणे ही फसवणूक होय. ‘सरावासाठी केलेले चित्रण’ असे स्वच्छ लिहिल्याने उमेदवाराचे काहीच उणे होत नाही.

तांत्रिक पथ्ये

भारतातील प्रक्षेपण सेकंदाला २५ चौकटी या मानकावर चालते आणि वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो. म्हणून चित्रणही २५ चौकटींवर आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवून करणे सोयीचे ठरते. मोबाइल आणि अनेक लहान कॅमेरे मुळात ३० चौकटींवर लावलेले असतात. त्यात बदल न करता ट्यूबलाइटखाली चित्रण केल्यास पडद्यावर लुकलुक किंवा सरकते पट्टे दिसतात. अनुभवी डोळा अशी चूक क्षणात हेरतो.

व्हाइट बॅलन्सही प्रत्येक ठिकाणी नव्याने घ्यावा. दालनातील पिवळा दिवा आणि खिडकीतला निळसर उजेड एकत्र आले की बोलणाऱ्याचा अर्धा चेहरा आजारी दिसतो. अशा वेळी माणसाला खिडकीकडे वळवणे किंवा दिवा बंद करण्याची विनंती करणे हा सोपा उपाय असतो. मुलाखतीचा ध्वनी कॅमेऱ्यावरील माइकवर न सोडता कॉलर माइकने घ्यावा आणि हेडफोन लावून ऐकावा. चित्र थोडे सदोष असले तरी प्रेक्षक ते चालवून घेतो, पण ऐकू न येणारी बाइट निरुपयोगी असते. ट्रायपॉड शक्य तेथे वापरावा. तो शक्य नसेल तेथे झूम टाळून दोन पावले पुढे जावे. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरावा, म्हणजे संकलकाला मागे-पुढे जागा मिळते.

तयार रील १९२० गुणिले १०८० या आकारात एकाच फाइलमध्ये असावी. दुवा उघडण्यासाठी परवानगी मागावी लागणार नाही याची खात्री दुसऱ्या व्यक्तीच्या मोबाइलवर करून घ्यावी. फाइलच्या नावात स्वतःचे नाव आणि वर्ष असावे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांची फाइल संपादकाच्या संगणकात हरवते.

ड्रोनचे चित्रण जोडायचे असल्यास ते परवानगीने केलेले असावे. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग आहेत. एचएएल विमानतळ आणि येलहंका हवाई तळ यांमुळे बंगळुरूच्या मोठ्या भागावर निर्बंध लागू होतात. बेकायदा उड्डाणातून मिळवलेले विहंगम दृश्य रीलमध्ये ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच सादर करणे होय.

चित्रण कोणाच्या मालकीचे?

रील तयार करताना सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा प्रश्न हक्कांचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ या बाबतीत स्थिर आणि चल चित्रांत महत्त्वाचा भेद करतो. कायद्याच्या कलम २ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. चलच्चित्राचा कर्ता मात्र निर्माता असतो. म्हणजे एकाच घटनेपुढे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांपैकी वृत्तपत्राचा छायाचित्रकार कायद्याच्या भाषेत आपल्या छायाचित्राचा कर्ता ठरतो. वाहिनीच्या छायाचित्रकाराला ते स्थान मिळत नाही. कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा प्रथम मालक नियोक्ता असतो. मोबदला देऊन दुसऱ्याने करवून घेतलेल्या चलच्चित्रालाही असाच नियम लागू होतो. त्यामुळे प्रत्येक बातमीमागे मानधन घेणाऱ्या स्ट्रिंगरची स्थितीही फारशी वेगळी नाही.

कलम ५२ मध्ये समीक्षा, संशोधन, चालू घडामोडींचे वार्तांकन आदींसाठी उचित वापराची मुभा आहे. नोकरीसाठीच्या रीलचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे नियुक्तीच्या वेळीच एका ओळीची लेखी परवानगी मागणे : प्रक्षेपित झालेल्या कामाचा वापर केवळ वैयक्तिक कार्यपरिचयासाठी करता येईल. नोकरी सोडताना मागितलेल्या परवानगीपेक्षा रुजू होताना मागितलेली परवानगी सहज मिळते. परवानगी मिळाल्यावरही प्रक्षेपित झालेलाच भाग वापरावा, बोधचिन्ह झाकू नये आणि दुवा सार्वजनिक न ठेवता मर्यादित ठेवावा. अप्रक्षेपित चित्रण, विशेषतः गोपनीय स्रोताशी संबंधित दृश्ये, कार्यालयाबाहेर नेणे हा विश्वासभंग ठरतो. चित्रपटगीते किंवा दुसऱ्याचे संगीत वापरल्यास आणखी एक हक्कभंग घडतो, तो वेगळाच.

विधानसभेचे उदाहरण

स्वतःच्या नजरेचा पुरावा किती मोलाचा असतो, हे कर्नाटक विधानसभेच्या इतिहासातून दिसते. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी सभागृहाचे कामकाज सुरू असताना वृत्तवाहिनीचा कॅमेरा एका मंत्र्याच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर स्थिरावला. त्यावर अश्लील चित्रफीत असल्याचे दिसताच खळबळ माजली आणि दुसऱ्या दिवशी तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. ज्या क्षणी इतर कॅमेरे भाषण करणाऱ्या सदस्याकडे रोखलेले असतात, त्या क्षणी बाकांवर काय चालले आहे हे पाहण्याचा निर्णय छायाचित्रकाराचा होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना सभागृहातील चित्रणास मनाई केली. पत्रकार संघटनांनी त्याचा निषेध केला. जेथे अधिकृत चित्रणावरच अवलंबून राहावे लागते, तेथे सर्व वाहिन्यांवर एकसारखीच दृश्ये दिसतात. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले त्या २३ ऑगस्ट २०२३ रोजीही बंगळुरूतील नियंत्रण कक्षातील दृश्ये इस्रोच्या अधिकृत प्रक्षेपणातूनच देशभर पोहोचली. अशा दृश्यांना कोणत्याही एका छायाचित्रकाराच्या रीलमध्ये स्थान नसते, कारण ती त्याने टिपलेलीच नसतात. त्या दिवशीचे त्याचे स्वतःचे काम बाहेर असते : पडद्याकडे डोळे लावून बसलेली शाळकरी मुले, मध्येच थांबलेला रिक्षाचालक, टाळ्यांचा पहिला क्षण.

वेदना आणि मर्यादा

रील स्वतःच्या प्रगतीसाठी असते, पण तिच्यात दिसणारी माणसे पुष्कळदा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवशी टिपलेली असतात. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूतील कॅमेऱ्यांनी एकाच दिवशी दोन टोके पाहिली. आयपीएल विजेत्या संघाच्या स्वागतासाठी विधानसौधाबाहेर जल्लोष झाला आणि त्याच सुमारास चिन्नास्वामी स्टेडियमच्या प्रवेशद्वारांबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवसाचे काम रीलमध्ये घ्यावे का? घेण्यास हरकत नाही. गर्दीचा दाब दाखवणारे दूरदृश्य, बंद प्रवेशद्वार, नंतर विखुरलेली पादत्राणे यांतून काय घडले ते पूर्णपणे सांगता येते. बेशुद्ध तरुणाचा चेहरा किंवा रुग्णालयाच्या दारात कोसळलेल्या नातलगाचे समीपदृश्य प्रक्षेपणाच्या दिवशी बातमीचा भाग म्हणून गेले असेलही. महिन्यांनंतर नोकरीच्या अर्जात त्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतो. असे दृश्य पाहून कसलेला संपादक प्रभावित होण्याऐवजी सावध होतो.

काही मर्यादा कायद्याने घातल्या आहेत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. मुलांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ आणि पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. प्रक्षेपणाच्या वेळी चेहरा अस्पष्ट केला होता म्हणून रीलसाठी मूळ चित्रण वापरता येत नाही. तेथेही तो अस्पष्टच हवा. घर, शाळेचा गणवेश, वाहनाचा क्रमांक यांवरूनही ओळख पटते, याचे भान ठेवावे. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट चित्रणावर २०१५ पासून केबल टेलिव्हिजन नियमांनुसार निर्बंध आहेत. अशा प्रसंगी कॅमेरा कोठे थांबवायचा हे कळणे हीसुद्धा पात्रता आहे.

सत्यता ही अंतिम कसोटी

रीलमधील प्रत्येक शॉट उमेदवाराने स्वतः घेतलेला असावा. मोठ्या घटनेला एका वाहिनीचे दोन-तीन कॅमेरे असतात आणि अंतिम वृत्तान्तात सर्वांची दृश्ये मिसळतात. असा वृत्तान्त वापरायचा असल्यास आपली दृश्ये कोणती, हे पट्टीवर नमूद करावे. बंगळुरूच्या छायाचित्रकारांचे वर्तुळ लहान आहे. आपलेच दृश्य दुसऱ्याच्या रीलमध्ये पाहण्याचा योग येथे दुर्मीळ नाही आणि एकदा गेलेला विश्वास पुन्हा मिळत नाही.

तोच नियम घडवून आणलेल्या दृश्यांना लागू होतो. मुलाखत देणाऱ्याला खुर्चीवर बसवणे वेगळे आणि ‘पुन्हा एकदा घोषणा द्या’ असे आंदोलकांना सांगणे वेगळे. पहिली सोय आहे. दुसऱ्यात घटनाच बदलते. रंगांची दुरुस्ती मूळ प्रकाशाच्या जवळ नेणारी असावी. धूर दाट करणे, आकाश काळवंडवणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने चौकटीत काही घालणे अथवा पुसणे हे चित्रपटात क्षम्य ठरेल, वृत्तछायाचित्रणात नाही.

जपणूक आणि पुढील वाट

चांगली रील अर्ज करण्याच्या आदल्या रात्री तयार होत नाही. तिचे बीज रोजच्या नोंदीत असते. तारीख, विषय, उल्लेखनीय शॉट, प्रक्षेपणाची वेळ एवढी टिपणे वहीत ठेवल्यास वर्षअखेरीस निवड सोपी जाते. स्वतःच्या मालकीच्या चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. २ मार्च २०१२ रोजी बंगळुरूच्या नगर दिवाणी न्यायालयाच्या आवारात उसळलेल्या हिंसाचारात पत्रकार जखमी झाले आणि कॅमेऱ्यांचीही मोडतोड झाली. अशा दिवशी कॅमेऱ्यासोबत त्यातले कार्डही जाऊ शकते. अर्थात कोणतेही दृश्य जिवाहून मोठे नसते आणि स्वतःला संकटात लोटून घेतलेला शॉट रीलमध्ये शौर्य म्हणून मिरवू नये.

कामाचे स्वरूपही बदलत आहे. ओबी व्हॅनची जागा पाठीवरच्या प्रक्षेपण संचाने घेतली आहे. अनेक ठिकाणी वार्ताहराच्या हाती मोबाइल देऊन स्वतंत्र छायाचित्रकाराचे पद कमी केले जाते. जे टिकून आहेत त्यांच्याकडून चित्रण, संकलन आणि प्रेषण या तिन्हींची अपेक्षा केली जाते. त्यामुळे रीलमध्ये किमान एक वृत्तान्त संपूर्णपणे स्वतः संकलित केलेला असणे आता आवश्यक झाले आहे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना वेगळ्या छायाचित्रकाराची गरज काय, या व्यवस्थापनाच्या प्रश्नालाही उत्तर द्यायचे ते त्याच काही मिनिटांतून.

रील पूर्ण झाल्यावर ती ध्वनी बंद करून एकदा पाहावी आणि चित्र झाकून एकदा ऐकावी. दोन्ही वेळा बातमी समजली, तर ती पाठवण्याजोगी आहे. त्यानंतर ती व्यवसायाबाहेरच्या कोणाला तरी दाखवावी आणि कोणता प्रसंग लक्षात राहिला, एवढेच विचारावे. उत्तरात एखाद्या माणसाचा उल्लेख आला, तर ती रील तिचे काम करील.